फरशीवरचं उलटं झाड

नेदरलँड्समध्ये पाच वर्षं काढल्यावर माझी ओळख एका दमात सांगून संपायची. सरला, शैलेंद्रची बायको, चकली छान करते. आम्ही राहतो बेस्टला, आइंडहोव्हनच्या शेजारी. इथल्या मराठी घरांत बहुतेक एक इंजिनिअर असतो आणि त्याच्या मागून आलेली एक बायको असते. ती बायको तिकडे आर्किटेक्ट असेल, बँकेत ऑफिसर असेल, इथे आल्यावर पहिली काही वर्षं ती नुसती मागून आलेली असते. मी तक्रार करत नाही. म्हणजे करते, पण शैलेंद्रपाशी करते, नवरा असतो कशाला मग?

२०१५च्या मार्चमधली गोष्ट. दर सोमवारी मी लायब्ररीत डच बोलायचा सराव करायला जायचे. तिथे गावातली माणसं हौसेने येऊन आमच्याशी गप्पा मारत आणि आमच्या चुका गिळत. त्यातली एक मारायके. पन्नाशीची, उंच, मोजकं बोलणारी. एका सोमवारी तिने सगळ्यांना पूर्वीचं काम विचारलं. मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं की लग्नाआधी ठाण्याला मी युनिक्स नावाची कॉम्प्युटरची सिस्टिम शिकवायचे. तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि पुन्हा सांग म्हणाली.

तिची स्वतःची छोटी कंपनी होती, बेस्टमध्येच. कारखान्यांतल्या मोजमापाच्या यंत्रांना लागणारे कॉम्प्युटर ते बसवून देत. त्यात खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा आणि आपण लिहायची आज्ञा, बस्स. कॉलेजातून नवी येणारी मुलं त्या पडद्याला बिचकतात, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकांचे फोन घेऊन त्यांना वाट दाखवणारं माणूस तिला हवं होतं. गुरुवारी ये, म्हणाली. नुकतीच सिस्टिम टाकलेला कॉम्प्युटर देईन, कुठे काय आहे ते शोधून दाखव. आणि येताना पूर्वीच्या कामाच्या ठिकाणचं एक नाव आणि फोन नंबर आण, आम्ही विचारतो.

मी ऐटीत हो म्हणाले. सायकल घेऊन घरी पोचेपर्यंत तोंडचं पाणी पळालं होतं. काळ्या पडद्यावर मी शेवटचं बोट ठेवलं होतं नोव्हेंबर १९९८मध्ये. आणि फोन नंबर द्यायचा तर जगात एकाच माणसाचा देता येत होता, ज्याला तोंड दाखवायची मला सोळा वर्षं हिंमत झाली नव्हती. पण ते पुढे सांगते. आधी पडद्याचं बघू.

शैलेंद्रला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्याच संध्याकाळी त्याने माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, पुसला, आणि त्यावर लिनक्स, म्हणजे युनिक्सचंच नवं भावंड, टाकून दिलं. मुद्दाम बिनचित्रांचं. तासाभराने पडदा काळा झाला, त्याने नाव विचारलं, मी नाव सांगितलं, परवलीचा शब्द दिला, आणि कोपऱ्यात ती छोटी रेघ लुकलुकायला लागली. शैलेंद्र माझ्या खांद्यामागे उभा होता. मागे कुणी उभं राहिलं की मला काही सुचत नाही, म्हणून त्याला चहा करायला पिटाळलं.

पहिली आज्ञा बोटांनीच लिहिली. पीडब्ल्यूडी. ठाण्यात प्रत्येक नवीन मुलगा यावर हसायचा, मॅडम, म्हणजे बांधकाम खातं का? नाही रे बाबा. मी आत्ता कुठे उभी आहे, एवढंच ती आज्ञा विचारते. यंत्राने उत्तर दिलं: होम, आणि त्याच्या आत सरला.

मी बघतच राहिले. आमच्या वेळी माणसाचं घर, म्हणजे त्याच्या फाइलींची जागा, यूएसआर नावाच्या फोल्डरमध्ये असायचं. अगदी घोकून घेतलं होतं आमच्याकडून. आपलं घर कुठे? यूएसआरमध्ये. म्हणून मी हट्टाने यूएसआरमध्ये गेले आणि एलएस करून तिथे काय काय आहे ते बघितलं. बिन, गेम्स, लिब, शेअर. सगळी दुकानंच दुकानं, राहणारा माणूस एक नाही. स्वयंपाकघरातून शैलेंद्र म्हणाला की अगं, घरं कधीच होममध्ये हलवली, पंधरा-वीस वर्षं झाली असतील. मला असा राग आला. इतकी वर्षं याला ठाऊक होतं आणि एका शब्दाने बोलला नाही. तर म्हणे तू कधी विचारलंस?

मग मी हिंडायला लागले आणि अर्ध्या तासात हरवले. एका फोल्डरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. इटीसीमध्ये यादी मागितली तर नावं सरसर वर पळाली, वाचायला एक सापडेना. एका ठिकाणी एक फोल्डर होता तो खरा फोल्डर नव्हताच, दुसरीकडे नेणारा नुसता बाण होता, त्यातून आत गेले आणि बाहेर येताना भलतीकडे निघाले. चहा गार झाला. कशाला फुशारकी मारलीस, असं स्वतःलाच म्हणाले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला उठले. मशीन असूनसुद्धा हाताने घासली.

भांडी घासताना दीनानाथ सर आठवले. खरं सांगायचं तर त्यांना मी विसरलेच कधी नव्हते.

ठाण्याच्या नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. दोन खोल्या, एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेले दोन पडदे. यंत्राच्या खोलीत एसी, त्यामुळे ती गावातली सगळ्यात थंड खोली, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला प्रवेश नाही. धुळीने यंत्र बिघडतं म्हणायचे. दसऱ्याला त्या यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. बॅचमध्ये बारा-चौदा मुलं आणि पडदे दोन. म्हणजे एकेकाच्या वाट्याला आठवड्यातून चाळीस मिनिटं. उरलेल्या वेळात काय करायचं?

सरांनी त्यावर युक्ती काढली होती. बाहेरच्या खोलीतली सगळी बाकं भिंतीला लावायची आणि शहाबादी फरशीवर खडूने झाड काढायचं. उलटं झाड. मूळ वर खिडकीपाशी, तिथे एक चौकोन, त्यातून फुटलेल्या फांद्या दाराकडे येणाऱ्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक चौकोन आणि त्यात फोल्डरचं नाव. एका मुलाने अनवाणी झाडावर उभं राहायचं, बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या. सीडी डॉट डॉट म्हटलं की एक चौकोन मागे, मुळाच्या दिशेने. खाली जायचं तर फांदीवरूनच. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारायची नाही, आधी वर जायचं आणि मग खाली उतरायचं. मुळापासूनचा पूर्ण पत्ता सांगितलात तरच कुठूनही कुठेही धावत जायची परवानगी. चुकलं की सर ओरडायचे, आधी विचार कुठे उभा आहेस, मग पाय उचल. जो चुकेल त्याने शेवटी फरशी पुसायची.

मी १९९३ला तिथे शिकायला गेले आणि पहिले दोन आठवडे रोज फरशी पुसली. मग ती वाट जी पायात बसली ती बसली. मला डोळे मिटून ते झाड चालता यायचं. दोन वर्षांनी सरांनी मलाच शिकवायला ठेवून घेतलं. तेव्हापासून मी सरला मॅडम. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी आणि खालचा वाणीसुद्धा मॅडम म्हणायचा. काय दिवस होते. हातात खडू, अंगावर पांढरी धूळ, आणि चौदा मुलं माझ्या एका शब्दावर वर-खाली चालतायत. त्यानंतर एवढं कुणी माझं ऐकलं नाही.

बुधवारी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रस्त्यावर चित्रं काढायचे खडू आणले. इथे ते बादलीने मिळतात, उन्हं पडली की पोरं फुटपाथ रंगवून टाकतात. आमच्या घरापुढच्या विटांवर मी लॅपटॉपमधलं झाड काढायला घेतलं. एकेक यादी बघायची, बाहेर यायचं, एक चौकोन काढायचा. वर मूळ, खाली इटीसी, व्हार, होम, यूएसआर. व्हारच्या खाली लॉग. होमच्या खाली मी. समोरच्या आजीबाई खिडकीतून बघत होत्या, बघू देत. मी चपला काढल्या आणि मुळापाशी उभी राहिले.

तेवढ्यात ईशानी शाळेतून आली. बारा वर्षांची माझी लेक. बुधवारी तिला अर्धा दिवस असतो. मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. आई रस्त्यावर अनवाणी, पंजाबी ड्रेसला निळा खडू, स्वतःशी पुटपुटत वर-खाली चालतेय, हे बघून ती सायकलवरून उतरलीच नाही. दू नॉर्माल, मामा, म्हणाली दबक्या आवाजात. म्हणजे नीट वाग. इकडच्या मुलांचा हा एक आवडता मंत्र आहे. मी म्हटलं, मी नीटच वागतेय, उद्या माझी परीक्षा आहे. ती सायकल लावून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

पण दार पूर्ण लागलं नव्हतं, मला दिसत होतं. मी लॉगमधून निघून होमकडे वळले आणि दाराच्या फटीतून आवाज आला की असं नाही जाता येत, आधी वर जावं लागेल ना? बरोबर होतं तिचं. मी मध्येच आडवी घुसले होते. मी म्हटलं, एवढं कळतंय तर ये आणि तूच आज्ञा दे. ती दारात पायरीवर बसली. मग डचमध्ये आज्ञा सुटायला लागल्या. मुद्दाम अवघड. इथून तिथे, तिथून परत, आता मुळापासून पूर्ण पत्ता सांगून. मला घाम फुटला. पाऊण तासाने ती म्हणाली की आता मी चालते, तू सांग, आणि बूट-मोजे काढून आली. मी मराठीत सांगत होते आणि ती चालत होती. गेल्या दोन वर्षांत मी म्हटलेल्या दिशेला ही मुलगी पहिल्यांदाच गेली. माझं मन इतकं भरून आलं की मीच एक आज्ञा चुकवली, आणि तिने ती लगेच दाखवून दिली.

त्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला आणि एकदाही हरवले नाही. पायांना ठाऊक झालं होतं.

उरला तो फोन नंबर.

जेवताना शैलेंद्रने तोडगा काढला. त्याचा मित्र अंबरीश पुण्यात एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे. त्याचा नंबर द्यायचा, तो सांगेल की सरला आमच्याकडे होती. कोण बघायला जातंय? मी ताट बाजूला सारलं. तीन वर्षं मी जे काम जीव ओतून केलं ते कुठल्या अंबरीशच्या नावावर घालू? शैलेंद्र म्हणाला, मग दे ना तुझ्या सरांचा, आधी एक फोन करून त्यांना सांग, झालं. इतकं सोपं असतं तर मी सोळा वर्षं थांबले असते का? त्याला अर्धीच गोष्ट ठाऊक होती. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी त्याला पूर्ण सांगितली.

९८च्या दिवाळीनंतर शैलेंद्रचं स्थळ आलं. तो कामासाठी काही महिने परदेशी निघालेला, म्हणून अकरा दिवसांत लग्न उरकायचं ठरलं. त्याच आठवड्यात सरांनी मला बसवून सांगितलं होतं की त्यांना आता दगदग झेपत नाही, नव्या वर्षापासून क्लास मी चालवायचा. किल्लीसुद्धा करायला टाकली होती माझ्यासाठी. मी हो म्हणाले. लग्नाचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सांगू, उद्या सांगू करत शुक्रवार आला. माझी बॅच सात मुलांची, परीक्षा तीन आठवड्यांवर. मी नेहमीसारखा वर्ग घेतला, येते म्हणून निघाले आणि सोमवारी गेलेच नाही. राजीनामा नाही, निरोप नाही, लग्नाची पत्रिका नाही. आईच्या घरी सरांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी आईला हात हलवून नाही म्हणून सांगितलं. आई माझ्यावर फार चिडली होती. तिसऱ्यांदा फोन आला नाही. मी पुण्याला सासरी गेले, मग सासूबाईंचं आजारपण, मग ईशानी, मग हा देश. मनात आलं नाही असं वर्ष गेलं नाही, आणि जितकी वर्षं गेली तितकं अवघडच होत गेलं.

शैलेंद्रने ताटं एकावर एक ठेवली. मग म्हणाला, “माझ्यामुळे झालं होय हे.” मी म्हटलं तुझा काही संबंध नाही, भित्री मी. त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. क्लासचा नंबर मला पाठ होता, मधल्या काळात तिकडच्या नंबरांना पुढे दोनचा आकडा लागला होता, तो लावला. दोनदा फिरवला आणि घंटा वाजायच्या आत दोन्ही वेळा ठेवून दिला. सर सत्तरीला आले असतील. असतील का? तो नंबर तरी असेल का? खरं सांगते, नसावा असंही एकदा मनात आलं. मग मी मारायकेच्या कागदावर तोच नंबर लिहिला. पुढे लिहिलं, दीनानाथ सर. आडनाव लिहायचं सुचलंच नाही, आम्ही कधी घेतच नव्हतो.

गुरुवारी मारायकेच्या ऑफिसात गेले. तिने मला आतल्या खोलीत नेलं. तिथे यंत्रं ओळीने मांडलेली, बारीक घरघर, आणि गारठा. मी दारात थांबले आणि बूट काढले. मारायकेने माझ्या मोज्यांकडे बघितलं आणि फरशी थंड आहे एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे. माझ्या लक्षातही आलं नव्हतं मी काय केलं ते. पण बूट काढल्यावर बरं वाटलं.

पहिले दोन प्रश्न सरळ होते. या यंत्राच्या सगळ्या मांडणीची माहिती कुठे ठेवली असेल? इटीसी. काल रात्री काय बिघडलं याची नोंद कुठे सापडेल? व्हारमध्ये, लॉगच्या आत. डोळ्यांपुढे माझ्या दारातल्या विटा होत्या आणि मी चालत होते. मग तिसरा. गिऱ्हाईक फोन करतं की नवी सिस्टिम टाकल्यापासून आमची मोजमापं दिसत नाहीत, तुमच्या प्रोग्रामने ती कुठे ठेवली आहेत? शोध. मारायकेने हातातलं घड्याळ बघितलं.

आणि माझं झाड गेलं. पुसल्यासारखं. तिची नजर मानेवर, यंत्रांची घरघर, आणि डोकं रिकामं. अशा वेळी जे जुनं असतं तेच बाहेर येतं. ठेच लागल्यावर माणूस आई गं म्हणतो तसं मी लिहिलं, सीडी यूएसआर. एंटर दाबलं आणि जीभ चावली. पुन्हा तीच चूक! इथे आता कुणी राहत नाही हे सोमवारीच तर कळलं होतं. तरी आलेच आहे तर म्हणून यादी मागितली. बिन, गेम्स, लिब, शेअर, आणि मध्येच एक ओळखीचा डच शब्द. मेटिंग. म्हणजे मोजमाप. आत गेले तर तारखांनी लावलेल्या सगळ्या फाइली तिथे.

मारायकेने पुन्हा घड्याळ बघितलं. याआधी चार जण येऊन गेले होते. सगळ्यांनी आधी होम धुंडाळलं, मग बाकीचं, कुणाला अर्धा तास लागला, एकाने सोडून दिलं. तुला कसं कळलं, तिने विचारलं.

अनुभव, असं म्हणता आलं असतं. शैलेंद्र असता तर तेच म्हणाला असता. पण खोटं बोलले की माझे कान लाल होतात आणि दिवसभर तसेच राहतात. मी सांगितलं की मला कळलं नाही, मी चुकले. माझ्या वेळी घर तिथे असायचं, घाबरले की मी अजून तिकडेच जाते.

मारायके हसली, मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. हा प्रोग्राम ज्याने १९९२ला लिहिला त्याचंही तसंच, म्हणाली. जग हललं, तो हलला नाही. आता तो निवृत्त झाला आणि नवी मुलं त्याला शिव्या घालतात. तिला असंच माणूस हवं होतं, जुने पत्ते माहीत असलेलं. परीक्षा झाली, आता उद्या सकाळी तुझ्या सरांना फोन लावते. ते ठीक म्हणाले तर एक तारखेपासून ये.

मी बूट घातले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिला सांगितलं की ते कदाचित चांगलं बोलणार नाहीत. का, तिने विचारलं. मी म्हटलं की मी न सांगता सोडून आले होते, मुलांची परीक्षा तोंडावर असताना. तिने मान हलवली. “ते मला कळेलच,” म्हणाली. डच लोक असंच बोलतात, त्यात गोड काही नसतं आणि कडूही नसतं.

शुक्रवारचा दिवस मी कसा काढला विचारू नका. नोकरी गेली तर जाऊ दे, पुन्हा चकल्या आहेतच, असं शंभरदा म्हणून बघितलं. पण मला ती हवी होती. इतकी हवी होती की आपण काही मागायचं सोडून किती वर्षं झाली ते तेव्हा कळलं. आणि नोकरीच्याही पलीकडे एक होतं. माझ्याबद्दल सर काय म्हणतात ते मला सोळा वर्षांनी, एका परक्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळणार होतं. ईशानी शाळेतून आली आणि न विचारताच म्हणाली, “अजून नाही?” मराठीत म्हणाली. मी मान हलवली.

तीनला फोन आला, येऊन जा. मारायके टेबलामागे बसली होती. माझ्या बाजूला एक छापील कागद आणि तिच्या हातात तिच्या अक्षरातला दुसरा. म्हणाली, मी बऱ्याच लोकांबद्दल फोन करते, पण असं कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहून घेतलं. वाचू का?

फोन सरांनीच उचलला होता. आधी त्यांनी तिलाच प्रश्न विचारले. कुठून बोलता, कंपनी कशाची, यंत्रं कुठली, सिस्टिम कुठली. मारायकेला वाटलं आपलीच मुलाखत चालली आहे. मग तिने विचारलं की सरला तुमच्याकडे कधीपासून होती. जून पंच्याण्णव. काम कसं होतं? सर म्हणाले की तिची शेवटची बॅच सात जणांची होती. सातच्या सात पास झाले. त्यातला एक आता माझ्या जागी क्लास चालवतो, फरशीवर अजून झाड काढतो.

मी खुर्चीचा हात धरला. मारायकेने चष्मा नीट केला.

“मग मी विचारलं, तिने काम का सोडलं. त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मला वाटलं लाइन खराब आहे. मग म्हणाले, मॅडमनी सोडलेलं नाही. त्या रजेवर आहेत. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवपासून.” तिने कागदावरून माझ्याकडे बघितलं. “सोळा वर्षं. तुमच्याकडे अशी रजा देतात?”

मी नाही म्हणाले. नाही देत, कुणी नाही देत, असं मराठीतच म्हणाले बहुतेक, आणि मला तिथे तिच्या टेबलावर रडू फुटलं. पत्रिका न दिलेल्या, फोन न घेतलेल्या सगळ्या वर्षांचं. मारायके उठली. आधी तिने माझ्यापुढचा तो छापील कागद, नोकरीचा करार, उचलून कोरड्या जागी ठेवला आणि मग पाणी आणायला गेली.